आधी बघा, मग दाखवा: निसर्गाचे फोटो एकमेकांना दाखवणाऱ्या गटात नव्याने येताना

जुलै उजाडला की प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लोहगड येतो. त्याची विंचूकाटा ही सोंडेसारखी माची धुक्यात, विंचूकाटा धुक्याबाहेर, विंचूकाट्यावर पाठमोरा उभा मित्र. पाठोपाठ देवकुंड, अंधारबन आणि ताम्हिणीतले रस्त्याकडेचे धबधबे. खाली "अप्रतिम", "लय भारी", "कडक", दोन अंगठे आणि एक नमस्कार. लग्नातल्या आहेरासारखा हिशेब असतो हा: तुम्ही माझ्या फोटोला दिलंत, मी तुमच्या फोटोला दिलं, फिटंफाट. यात कुणाचं मन दुखत नाही आणि कुणाचा फोटोही सुधारत नाही.

ज्यांना फोटो सुधारायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हातात फोन असेल किंवा किट लेन्सचा, म्हणजे बरोबर आलेल्या साध्या लेन्सचा, कॅमेरा, ट्रेकच्या गटात असाल किंवा ऑफिसातल्या चार हौशी लोकांबरोबर, पायऱ्या त्याच आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिले काही आठवडे स्वतःचा एकही फोटो टाकू नका. दुसऱ्यांच्या फोटोंवर लिहा. स्वतःच्या फोटोत आपल्याला त्या पहाटेची थंडी, चढताना लागलेली धाप, वरच्या टपरीवरचा चहा असं सगळं दिसत असतं. दुसऱ्याच्या फोटोत फक्त फोटो दिसतो. त्यामुळे बघायला शिकायचं तर ते दुसऱ्याच्याच फोटोवर.

ही काही आजची हौस नाही. मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळी एक चित्र घ्यायचं तर जड कॅमेरा, तिपाई आणि रसायनांच्या बाटल्या घेऊन निघावं लागे. एकाच कड्याची चाळीस चित्रं कुणी कुणापुढे टाकत नसणार, हे उघड आहे. आपली मुख्य अडचण तीच आहे, आणि चौथ्या पायरीवर तिच्याकडे येऊच.

पहिली पायरी: माणसं जमवा, पण थोडी

सहा ते दहा जण पुष्कळ झाले. दोनशे जणांच्या गटात फोटो कुणी बघत नाही, नुसतं बोट सरकत राहतं. गट लहान असला की दोनच नियम पुरतात: आठवड्याला माणशी एक फोटो, आणि स्वतःचा टाकण्याआधी निदान दोघांच्या फोटोंवर काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. सुप्रभात, वाढदिवस आणि "उद्या कोण येतंय" यासाठी दुसरा गट काढा.

माणसं सगळी एकाच साच्यातली नकोत. एखादा झाडाफुलांची माहिती असलेला, एखादा पक्षी बघणारा, एखादा गडांच्या वाटा पाठ असलेला असला तर फोटोबद्दलचं बोलणं लगेच खोल जातं. तुम्ही "जांभळी फुलं" म्हणून टाकलेल्या फोटोखाली तो सांगेल की ही सोनकी-तेरड्याच्या हंगामातली कारवी आहे, आणि मग पुढच्या वेळी तुम्ही तिची पानंही फ्रेममध्ये घ्याल. उलट ज्या गटात प्रत्येक फोटोखालची पहिली प्रतिक्रिया "कोणता कॅमेरा?" ही असते, तिथून हळूच काढता पाय घ्या. तिथे खरेदी होते, फोटोग्राफी होत नाही.

दुसरी पायरी: फोटो मोठा करून बघा

फोटो बघणं हे काम आहे आणि त्याला अर्धा-एक मिनिट लागतं. रिक्षात बसून, उन्हात, ब्राइटनेस कमी करून बघितलेल्या फोटोवर मत देऊ नका. घरी सावलीत बसा, स्क्रीनचा उजेड वाढवा, रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळा फिल्टर बंद करा. फोटो आडवा असेल तर फोन आडवा धरा.

मग स्वतःला विचारा, नजर सगळ्यात आधी कुठे गेली? तुमचं प्रामाणिक उत्तर हीच फोटो काढणाऱ्याला मिळणारी सगळ्यात मौल्यवान गोष्ट असते, कारण ते त्याचं त्याला कधीच कळत नाही. नजर साधारणपणे सगळ्यात उजळ जागेकडे, चेहऱ्याकडे, अक्षरांकडे आणि लाल-केशरी रंगाकडे धावते. धबधब्याच्या फोटोत कोपऱ्यातली वेफर्सची पिशवी धबधब्याआधी दिसते, ती त्यामुळेच.

दुसरं, चारही कडांवरून नजर फिरवा. अर्धं कापलेलं डोकं, विजेची तार, मध्येच घुसलेली फांदी, कुणाच्या तरी बुटाचं टोक असं काय काय तिथे सापडतं. तिसरं, उजेड कुठून येतो आहे ते सावल्यांवरून शोधा. समोरून, मागून की बाजूने? बाजूने येणाऱ्या उजेडात दगडाचा खडबडीतपणा दिसतो, आणि म्हणूनच सकाळी आठला घेतलेली तटबंदी आणि दुपारी बाराला घेतलेली तीच तटबंदी वेगळी वाटते. चौथं, क्षितिज. तलाव आणि समुद्राच्या फोटोत ते जरासं कललं तरी पाणी ओघळून जाईल असं वाटतं.

एक जुनी युक्ती आहे. फोटो उलटा करून बघा, म्हणजे खालची बाजू वर. गड, झाड, माणूस ही ओळख पुसली जाते आणि उरतात नुसते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे. फोटो एका बाजूला जड आहे का, हे लगेच समजतं. फोनचं आपोआप फिरणं आधी बंद करायला मात्र विसरू नका.

तिसरी पायरी: जे बघितलं ते लिहा

नवी मंडळी इथेच अडतात. "मला फोटोग्राफीतलं काय कळतंय?" असं म्हणून अंगठा देऊन मोकळी होतात. पण बघितलेलं सांगायला तंत्र यावं लागत नाही.

समजा, गटात हा फोटो आला आहे. राजगडाची सुवेळा माची, हिवाळ्यातली सकाळ. नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, एक जण बसला आहे, अंगात लाल जाकीट. मागचं आकाश पांढरंफटक. खाली उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी सॅकचा पट्टा.

"मस्त!" ही प्रतिक्रिया वाया गेली. "आकाश उडालंय, एक्स्पोजर चुकलं" (एक्स्पोजर म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते) ही खरी आहे, पण अर्धी. समोरच्याला ती लागते, आणि पुढे काय करायचं तेही कळत नाही. आता ही बघा:

"नजर आधी लाल जाकिटावर जाते आणि मग नेढ्याच्या कडेने गोल फिरते, ते फार छान जमलंय. पण आकाश सगळ्यात उजळ असल्यामुळे नंतर नजर तिकडे पळते. सूर्य कुठल्या बाजूला होता? आकाशावर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला असता तर माणूस काळा पडला असता, पण नेढ्याचा आकार ठसठशीत दिसला असता. खालचा पट्टा क्रॉप करून काढता येईल."

यात काय दिसलं हे आधी आलं, त्याचा परिणाम काय झाला हे मग. मध्ये एक खरा प्रश्न आहे, कारण आपण तिथे नव्हतो. शेवटी एक उपाय तिथे असताना करण्याजोगा आणि एक घरी बसून करण्याजोगा. क्रम असाच हवा असं नाही, पण "परिणाम काय झाला" हा भाग गाळू नका. क्षितिज कललंय हे सांगणं सोपं आहे. कललेल्या क्षितिजामुळे काय बिघडलं, की एखादे वेळी काहीच बिघडलं नाही, हे सांगण्यासाठी विचार करावा लागतो.

नियम पाठ करून आलेल्यांची एक आवडती प्रतिक्रिया असते: "रूल ऑफ थर्ड्स पाळलेला नाही." फोटोचे आडवे-उभे तीन-तीन समान भाग पाडून क्षितिज किंवा मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, असा तो नियम. पण नुसतं त्याचं नाव घेणाऱ्या या शेऱ्याइतकं आळशी परीक्षण दुसरं नाही. पवनेच्या जलाशयात तुंग किल्ल्याचं प्रतिबिंब स्वच्छ पडलं असेल तर पाण्याची रेघ फोटोच्या बरोबर मध्येच हवी, तेव्हाच वरचा डोंगर आणि खालचा डोंगर तोलामोलाचे दिसतात. नियम मोडला म्हणून फोटो वाईट ठरत नाही, आणि पाळला म्हणून चांगलाही ठरत नाही.

आता बोलण्याच्या रीतीबद्दल. गटात साठीचे काका असतात आणि कॉलेजातली मुलगीही असते. काकांना "काका" म्हणा, तिला "ताई" म्हणा किंवा नावाने हाक मारा, पण खरेपणा दोघांना सारखाच द्या. सरसकट सगळ्यांना "सर" म्हणण्यात एक धोका आहे: एकदा "सर" म्हटलं की त्यांचं आकाश उडालंय हे सांगायला जीभ रेटत नाही. "चुकलंय" ऐवजी "मला असं दिसलं" म्हणा. यात भिडस्तपणा नाही, ते वस्तुस्थितीला धरूनच आहे, कारण तुम्ही एका नजरेबद्दल बोलता आहात, तुमच्या.

दोन गोष्टी टाळा. दुसऱ्याचा फोटो न विचारता आपल्या फोनवर एडिट करून "हे बघ, असं हवं होतं" म्हणून परत टाकणं. आणि त्याहून वाईट, दुसऱ्याच्या फोटोखाली त्याच जागेचा स्वतःचा फोटो चिकटवून "माझा पण बघा". हे करणारा प्रत्येक गटात एक तरी असतो, आणि आपण ते करतो हे त्याला माहीत नसतं.

काही शब्द कानावर पडतील, त्यांचा अर्थ माहीत असू द्या. आकाश किंवा पाणी "उडालंय" म्हणजे इतकं पांढरं झालंय की त्यात काहीच तपशील उरलेला नाही. तो नंतर एडिटमध्येही परत येत नाही. फोटो "सॉफ्ट" आहे म्हणजे फोकस जरा हुकलाय किंवा हात हललाय. "नॉइज" म्हणजे अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढल्यामुळे आलेले रंगीत कण. "फोरग्राउंड रिकामा आहे" म्हणजे पुढच्या भागात नजरेला धरायला काही नाही. फक्त दरी आणि आकाश असलेल्या फोटोंना हे बोलणं हमखास ऐकावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. कड्यापासून चार पावलं मागे येऊन एखादा दगड किंवा गवताचा झुबका पुढे घेतला की दरीची खोली समजते.

चौथी पायरी: शंभरातला एक निवडा

आता तुमचे फोटो. एका ट्रेकमध्ये दीड-दोनशे सहज होतात. त्यातले वीस टाकणं म्हणजे निवडण्याचं काम दुसऱ्यांवर ढकलणं. आपला फोटो आपणच नाकारता येणं, हे फोटो काढण्याइतकंच मोठं कौशल्य आहे.

ट्रेकहून उतरलात त्याच संध्याकाळी काही टाकू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. चढाईचा आनंद ओसरला की निम्मे फोटो आपोआप गळतात. मग उरलेल्यांतून एकसारखे बाजूला काढा. तोच धबधबा सात वेळा असेल तर सातही एका ओळीत लावा आणि दोन-दोनची कुस्ती लावून एक ठेवा. शेवटी तीन-चार उरले की ट्रेकला न आलेल्या घरातल्या कुणाला तरी दाखवा. आईने "हा कुठला रे?" विचारलं तर तो फोटो आठवणीच्या फोल्डरमध्ये. ती काही न बोलता जिथे थोडी जास्त वेळ थांबली, तो टाका.

पाचवी पायरी: फाइल तयार करा

एडिट करण्यात काही पाप नाही. फोन तर तुम्हाला न विचारता ते करतच असतो. पण आपल्याकडच्या पावसाळी फोटोंचे दोन ठरलेले रोग आहेत.

पहिला म्हणजे विषारी हिरवा. सह्याद्रीतला पावसाळ्यातला हिरवा मुळातच भडक असतो, त्यावर फोन आपला थोडा चढवतो, त्यावर आपण सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, ओढतो. परिणामी गवत प्लास्टिकचं दिसायला लागतं आणि खडकांवरही हिरवी झाक येते. हिरव्यासाठी वेगळी पट्टी असेल तर ती थोडी मागे घ्या, थोडी पिवळ्याकडे न्या. फोटो काढतानाच ओल्या पानांवरची पांढरी चकाकी घालवायची असेल तर कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावा. त्याने रंग नैसर्गिकपणे गडद होतात, मग स्लायडर ओढावा लागत नाही.

दुसरा रोग 'डीहेज'चा, म्हणजे एडिटमध्ये धूसरपणा घालवणाऱ्या पट्टीचा. धुकं दिसलं म्हणून माणूस फोटो काढतो आणि घरी येऊन डीहेज ओढून तेच धुकं पुसून टाकतो. जे उरतं त्यात डोंगर काळपट, आकाश मळकट आणि मूड गायब. धुक्याचा फोटो फिका असणारच, तो फिकाच राहू द्या. त्यात एखादी गडद गोष्ट, जवळचं झाड किंवा छत्री धरलेला माणूस असला की बस.

धबधब्याबद्दल वाद होतील, होऊ द्या. तिपाईवर कॅमेरा ठेवून अर्ध्या सेकंदाच्या शटरने पाणी रेशमी होतं, १/५०० सेकंदाला थेंब न थेंब गोठतो. रेशमी पाण्याची फॅशन इतकी झाली आहे की लोक ओढ्यावरही तेच करतात. मला रौद्र पाणी रौद्रच दिसलेलं आवडतं. पण ही आवड झाली. परीक्षण करताना "हे पाणी असं दाखवण्यामागे काय होतं?" इतकंच विचारावं.

तांत्रिक भाग थोडक्यात. क्षितिज सरळ करा, कडा साफ करा, रंगांची जागा (कलर स्पेस) एसआरजीबी, म्हणजे फोन आणि वेबवर चालणारी नेहमीची, ठेवा, जेपेग करा, लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबला जाऊन बारीक गवत-पानांचा चिखल होतो. एचडी पर्याय निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या मूळ फाइलमध्ये जागेचे जीपीएस आकडे तसेच राहतात, हे मात्र लक्षात ठेवा. हे का महत्त्वाचं, ते सातव्या पायरीवर. नाव टाकायचं असेल तर कोपऱ्यात, लहान. फोटोच्या मधोमध आडवं पसरलेलं नाव म्हणजे कड्यावर लावलेला फ्लेक्स.

सहावी पायरी: फोटोखाली चार ओळी लिहा

"निसर्गाची मुक्त उधळण" असं लिहिलेल्या फोटोवर कोण काय बोलणार? "वाह" म्हणणार. तुम्ही जसं विचाराल तसंच उत्तर मिळेल. हे वाचा:

"मुळशीकडची भातखाचरं, ऑगस्टमधली ढगाळ दुपार. फोनवर, तिपाई नाही. बांधांच्या वळणदार रेषा दाखवायच्या होत्या. डावीकडचं झाड ठेवावं की कापावं, ठरत नाहीये."

आता प्रत्येकाला बोलायला जागा मिळाली. परिसर, वेळ, साधन, हेतू आणि एक प्रश्न. प्रश्न एकच ठेवा आणि तो नेमका हवा. "कसा वाटला?" हा प्रश्न नव्हे. कॅमेरा वापरत असाल तर शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं ते) आणि आयएसओचे आकडे द्या. "एफ/८, १/६०, आयएसओ ४००" इतकं पुरतं. जाणकाराला त्यावरून हात हलला की वाऱ्याने फूल हललं, हे कळू शकतं.

आणि जे केलं ते सांगा. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे चमकतात, आणि झाडं हजारो ठिपक्यांनी पेटल्याचे फोटो फिरायला लागतात. ते सुंदर असतात, पण ते बहुधा एका क्षणाचे नसतात. कॅमेरा एका जागी ठेवून एकामागून एक बरेच एक्स्पोजर घेतात आणि नंतर ते एकावर एक चढवतात. यात लबाडी काही नाही, फक्त फोटोखाली तसं लिहा. नाहीतर गटातला नवा मुलगा पुढच्या आठवड्यात तिथे जातो, त्याला तेवढे काजवे दिसत नाहीत, आणि दोष तो स्वतःच्या फोनला देतो. आकाश बदललं असेल, तार पुसली असेल, आकाशगंगा वेगळ्या फ्रेममधून आणली असेल, सगळ्यांना हेच लागू.

सातवी पायरी: काही गोष्टी सांगू नका, काही जरूर विचारा

जागा सांगावी की नाही यावर माझी रेघ सरळ आहे. गड, घाट, तलाव जरूर सांगा. घरटं, बीळ, ढोली, दुर्मीळ फुलाची नेमकी जागा कधीही सांगू नका. पावसाळ्यात तिबोटी खंड्या कोकणातल्या ओढ्यांच्या मातीच्या दरडींत बीळ करून पिल्लं वाढवतो. इतका देखणा पक्षी की एका बिळाची जागा फुटली तर चार दिवसांत तिथे तिपायांची रांग लागते. आईबाप चोचीत चारा धरून दूर फांदीवर बसून राहतात आणि आत पिल्लं उपाशी. फोटोखाली "कोकण" एवढंच लिहा. कुणी "लोकेशन?" विचारलं तर "सांगत नाही" म्हणायला लाजू नका. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो मुळातच न काढणं उत्तम, आणि गटाने तसे फोटो घ्यायचेच नाहीत असं ठरवलं तर अधिक उत्तम.

फोटोचं कौतुक करताना तो कसा मिळाला तेही विचारा. भिगवणला, उजनी धरणाच्या जलाशयात, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. थवा उडतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि त्यासाठी नाव मुद्दाम थव्याच्या अंगावर नेली जाते. त्या फोटोला तुम्ही "अप्रतिम" म्हणालात की पुढच्या रविवारी आणखी एक नाव जाणार. "थवा आपणहून उडाला का?" एवढा साधा प्रश्न गटात दोन-तीनदा आला की वागणं बदलतं. कास पठाराचंही तसंच. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यावर ती इवली फुलं, आणि सात वर्षांनी एकदा बहरणारी टोपली कारवी. फुलांमध्ये लोळून काढलेल्या फोटोच्या चौकटीबाहेर काय चिरडलं गेलं, ते फोटोत दिसत नाही. कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या किंवा पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोलाही टाळ्या देऊ नका, रचना कितीही उत्तम असली तरी.

अभयारण्यात फोटोसाठी वनखात्याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित गडांवर ड्रोनसाठी परवानगी लागते. ड्रोन खेळण्याएवढा आहे, हे कारण तिथे चालत नाही. २०२५ मध्ये रायगड, राजगड, लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर अधिकच जपून.

माणसांचं काय? भातलावणी करणाऱ्या बायका, मेंढरांमागचा धनगर, माचीवर ताक विकणाऱ्या मावशी, यांना आधी दोन शब्द बोला, मग विचारा, मग फोटो. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर त्यांना फोटो पाठवा, आणि पुढच्या खेपेला जाताना एक प्रिंट काढून न्या. पाठवायचं कबूल करून विसरणारे इतके आहेत की गडावरच्या लोकांचा शहरी फोटोवाल्यांवरचा विश्वास उडाला आहे.

हक्काचं एक वाक्य. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो साधारणपणे ज्याने काढला त्याचा असतो, कॅमेरा कुणाचा का असेना, आणि तो हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. गटातला फोटो न विचारता दुसरीकडे टाकणं, त्यावर सुविचार छापून पुढे ढकलणं, हे "शेअर केलं" म्हणून खपत नाही.

आठवी पायरी: आलेलं ऐकून घ्या

पहिल्या परखड प्रतिक्रियेला कान गरम होतात. होऊ द्या, पण लगेच उत्तर टाइप करू नका. "अरे पण तिथे जागाच नव्हती", "पाऊस होता", "फोन जुना आहे" हे सगळं खरं असेल, पण फोटो बघणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही, आणि तुम्ही प्रत्येक फोटोबरोबर घरोघर जाऊन समजावणार आहात थोडेच? दिवसभर थांबा. मग एकच गोष्ट विचारा: "नजर नक्की कुठे अडली?"

दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध जातील. एक म्हणेल झाड कापा, दुसरा म्हणेल झाडामुळेच फोटो उभा आहे. हे भांडण तोंडी सुटत नाही. झाड असलेला आणि नसलेला असे दोन्ही करून शेजारी-शेजारी टाका. उत्तर बहुधा सगळ्यांना एकदमच दिसतं, आणि नाहीच दिसलं तर फोटो तुमचा आहे, तुम्हाला हवं ते ठेवा. तीन जणांना एकच गोष्ट खटकली तर मात्र ती खरोखर खटकणारी आहे असं धरून चाला. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, दुखणं खरं असतं.

पटलेल्या सूचना वहीत नाही तर फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि पुढच्या वेळी निघताना त्यातली एकच निवडा. "आज फक्त कडा बघायच्या" असं ठरवून एक सकाळ घालवली की ती सवय अंगात मुरते. पाच सूचना एकदम पाळायला गेलात तर सूर्य वर येतो आणि फोटो राहून जातो.

गट जमायला लागला की एकत्र एक कवायत करा. जवळची, सगळ्यांना झेपणारी जागा घ्या. पुण्यात वेताळ टेकडीची खाण, मुंबईत शिवडीची खाडी, नागपुरात अंबाझरीचा काठ, गोव्यात चोर्ल्याचा घाट. सगळ्यांनी एकाच सकाळी, एकाच दोनशे पावलांच्या टापूत फिरायचं आणि संध्याकाळी प्रत्येकाने एकच फोटो टाकायचा, नाव न लावता. एकाकडे सगळे फोटो आधी पाठवले की तो ते क्रमांक देऊन टाकतो. प्रत्येकाने प्रत्येक फोटोवर दोन ओळी लिहायच्या आणि त्यानंतरच नावं उघड करायची. "काकांचा फोटो" म्हणून जपून बोलणारे त्या दिवशी मोकळे होतात, आणि फोनवर काढलेला एखादा फोटो महागड्या लेन्सच्या पुढे जातो, तेव्हा "कोणता कॅमेरा?" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शिवडीला जाणार असाल तर निघण्याआधी भरतीची वेळ बघा; ओहोटीला पक्षी दूर चिखलात असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात. वेताळ टेकडीसाठी डिसेंबर-जानेवारी निवडलात तर सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून साडेसहाला वर पोचा. तिपाई असेल तर न्या, आणि बॅटरी खिशात उबेला ठेवा, थंडीत ती लवकर उतरते. मोर ओरडत असले तरी त्यांच्या मागे धावू नका, खाणीतल्या पाण्यावर उजेड येण्याची वेळ तीच असते.